नशेवर गोळी: पंजाबच्या गावांत पोहोचली, आपल्या तालुक्यात का नाही?

पोरगं नशेला लागलंय हे घरात कळलं की आपल्याकडे पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी मारहाण. मग देवऋषी, शपथा, गळ्यात माळ. त्यानं भागलं नाही की गाडी करून दूरच्या एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन सोडायचं आणि महिन्याचे पैसे भरत राहायचं. दोन-तीन महिन्यांनी पोरगं अंगानं भरून घरी येतं. घरचे म्हणतात, सुटलं एकदाचं.

दारूच्या बाबतीत हा मार्ग कुणाला लागू पडतो, कुणाला नाही. पण नशा अफूच्या जातीची असेल, तर 'सुटलं एकदाचं' म्हणायचा हाच काळ सगळ्यात धोक्याचा. वेगवेगळ्या देशांच्या नोंदींतून हे पुन्हा पुन्हा दिसलंय, की केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मरणाचं प्रमाण एकदम चढतं. कारण साधं आहे. दोन-तीन महिने नशा बंद राहिली की शरीराची सहन करायची ताकद उतरते. पण जुने मित्र भेटले, तलफ आली, की हात जुन्याच मापानं घेतो. काल पचत होतं तेवढंच आज श्वास बंद पाडतं. घरचे म्हणतात, सुधारलं होतं हो, अचानक गेलं.

हे मरण बऱ्याच अंशी टाळता येतं, आणि त्यासाठी औषध आहे. ते भारतात तयार होतं. पंजाब सरकार ते तालुक्याच्या दवाखान्यांतून फुकट देतं. आपल्याकडे गावात विचारलं तर दहातल्या नऊ जणांनी त्याचं नावही ऐकलेलं नसेल.

कोणती नशा, हे आधी बघा

बातम्यांत सगळंच 'ड्रग्ज' म्हणून येतं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यातून पुणे पोलिसांनी जो प्रचंड साठा पकडला, तो एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा. ती डोकं चढवणारी, झोप उडवणारी नशा. मालेगावकडे जिला 'कुत्ता गोळी' म्हणतात ती अल्प्राझोलाम, झोपेच्या आणि चिंतेच्या औषधांतली. गांजा वेगळा, दारू वेगळी. यातल्या कशावरही ही गोळी चालत नाही.

ही गोळी फक्त अफूच्या घराण्यासाठी आहे. त्या घराण्यात खुद्द अफू येते, उत्तरेकडच्या ट्रकवाल्यांत चालणारी डोडा-भुक्की येते, आपण ज्याला गर्द म्हणायचो ती ब्राऊन शुगर येते, हेरॉईन येतं. आणि औषधाच्या दुकानातून येणारेही आहेत: कोडीन घातलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडोलसारख्या दुखण्याच्या गोळ्या. ट्रामाडोल २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं गेलं. २०२३ मध्ये केंद्रानं कोडीन असलेल्या खोकल्याच्या काही मिश्र औषधांवर बंदी घातली. बंदी आली म्हणून सवय लागलेल्याची सवय काही सुटत नाही. तो दुसरं काही शोधतो, बहुतेक वेळा आधीपेक्षा घातक.

महाराष्ट्राचा यात किती वाटा? दिल्लीच्या एम्सनं केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेलं देशव्यापी सर्वेक्षण फेब्रुवारी २०१९ मध्ये बाहेर आलं. अफूच्या जातीच्या नशेपायी मदतीची गरज असलेली माणसं देशात सुमारे ७७ लाख, असा त्याचा अंदाज. त्यातली निम्म्याहून जास्त मोजक्या आठ राज्यांत, आणि त्या आठांत पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, दिल्लीच्या जोडीला महाराष्ट्र. आपली लोकसंख्याच मोठी, म्हणून आकडा मोठा दिसतो, हे खरं. पण दवाखाना काढायचा तर माणसं मोजावी लागतात, टक्केवारी मोजून भागत नाही.

'टर्की' आणि इच्छाशक्ती

गर्द ओढणारे ज्याला 'टर्की लागली' म्हणतात, ती अवस्था ज्यानं घरात बघितलीय त्याला वेगळं सांगायला नको. नशेची वेळ टळली की जांभया सुरू. डोळ्या-नाकातून पाणी. मग पोटात कळा, उलटी, जुलाब, अंगावर काटा, हाडं कुणी पिळतंय असं दुखणं. झोप म्हणून येत नाही. चार-पाच दिवस हे जोरात चालतं. धडधाकट माणसाचा यात सहसा जीव जात नाही, पण त्याला मात्र आता मेलो असंच वाटतं. त्या घडीला आईचं मंगळसूत्र विकणारा पोरगा मजा करायला विकत नसतो, ते दुखणं थांबवायला विकतो.

दुखणं आठवड्यात ओसरतं, तलफ मात्र ओसरत नाही. ती महिनोन् महिने राहते, कुणाची वर्षभर. वर्षानुवर्षं अफू मिळालेल्या मेंदूची घडी बदललेली असते, ती दहा दिवसांत पूर्ववत होत नाही. म्हणून नुसतं 'शरीर साफ करून' घरी पाठवलेले बहुतेक जण पुन्हा घेतात. त्यांना इच्छा नसते असं नाही. पंजाबात २०१५ मध्ये झालेल्या पाहणीत ऐंशी टक्क्यांहून अधिक व्यसनींनी सांगितलं, की आम्ही सोडायचा प्रयत्न केलाय. काहीएक मदत मिळालेले त्यांच्या निम्म्याहूनही कमी होते.

गोळी करते काय?

औषधाचं नाव ब्युप्रेनॉर्फिन. ते जिभेखाली ठेवून विरघळवायचं असतं, गिळायचं नसतं. मेंदूत अफूसाठी जणू कुलपं आहेत. हेरॉईनची किल्ली त्यात जाते आणि पूर्ण फिरते, म्हणून झिंग येते. ब्युप्रेनॉर्फिनची किल्ली त्याच कुलपात घट्ट बसते, पण अर्धीच फिरते. दुखणं थांबतं, तलफ बसते, झिंग मात्र सवयीच्या माणसाला येत नाही. एका मर्यादेपुढे डोस वाढवला तरी परिणाम फारसा वाढत नाही, त्यामुळे एकट्या या औषधानं श्वास बंद पडण्याचा धोका हेरॉईनपेक्षा बराच कमी. आणि किल्ली कुलपात अडकलेली असते, म्हणून वरून कुणी हेरॉईन घेतलंच तर ते नेहमीसारखं चढत नाही. एका डोसचा असर दिवसभर पुरतो. सकाळी गोळी घेऊन माणूस रानात जातो, ट्रॅक्टर चालवतो, कामावर टिकतो.

पंजाबात जी गोळी देतात तिच्यात नॅलोक्सोन नावाचं दुसरं औषधही मिसळलेलं असतं. जिभेखाली ठेवली तर ते जवळजवळ काहीच करत नाही. पण कुणी गोळी विरघळवून शिरेतून टोचली तर ते जागं होतं आणि टोचणाऱ्याला टर्की आणतं. गोळीचा गैरवापर थांबावा म्हणून केलेली ही सोय. पूर्ण थांबतो असं नाही, कमी होतो.

दोन गोष्टी इथं नीट लक्षात ठेवण्यासारख्या. पहिला डोस टर्की सुरू झाल्यावरच द्यायचा असतो. अंगात नशा असताना दिला तर औषधच टर्की ओढून आणतं, आणि माणूस म्हणतो 'या गोळीनंच मारलं' नि पळून जातो. दुसरं, या गोळीवर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणं जिवावर बेतू शकतं. म्हणूनच हे काम डॉक्टरच्या हातचं. मित्रानं पुडीत आणून दिलेली गोळी म्हणजे उपचार नव्हे.

मेथाडोन नावाचं आणखी एक औषध आहे, पातळ, समोर उभं करून पाजतात. भारतात ते फार थोड्या ठिकाणी मिळतं. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ही दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. उपचार चालू असेपर्यंत मरणाचा धोका साधारण निम्म्यावर येतो, हे कित्येक देशांत दिसलंय. फ्रान्सचं उदाहरण तर ठळक आहे. तिथं १९९५ पासून साध्या फॅमिली डॉक्टरलाही ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायची मोकळीक मिळाली, आणि पुढच्या चार वर्षांत जादा डोसनं होणारे मृत्यू तीन चतुर्थांशाहून जास्त घटले. औषध जुनंच होतं. ते माणसाच्या घराजवळ आलं, एवढाच फरक.

पंजाबनं काय केलं

आपल्या गावांना पंजाब माहीत आहे तो सोयाबीन-गव्हाच्या दिवसांत येणाऱ्या हार्वेस्टरवाल्यांमुळे आणि नांदेडच्या हुजूर साहिबला जाणाऱ्या भाविकांमुळे. त्याच पंजाबच्या गावांत २०१० नंतर हेरॉईननं घरंच्या घरं बसवली. २०१५ च्या त्या पाहणीचा अंदाज होता, अफूच्या जातीच्या नशेत अडकलेले २ लाख ३२ हजार. त्यातले ७६ टक्के १८ ते ३५ वयाचे, म्हणजे शेतीत राबायच्या वयातले.

सरकारनं आधी तेच केलं जे सगळी सरकारं करतात. धरपकड, तुरुंग, मोठी केंद्रं. मग ऑक्टोबर २०१७ मध्ये अमृतसर, मोगा आणि तरनतारन या तीन जिल्ह्यांत वेगळा प्रयोग सुरू झाला. भरती करायचं नाही. ओपीडीत यायचं, नाव नोंदवायचं, तपासणी, समुपदेशन, गोळी घ्यायची आणि कामाला जायचं. पुढे हे दवाखाने वाढत पाचशेच्या वर गेले. सरकारी रुग्णालयं, ग्रामीण दवाखाने, तुरुंग, सगळीकडे. नोंदणी लाखांत गेली.

पण सुरुवातीला एक अडचण होती, आणि ती मजुराला लगेच कळेल. गोळी रोज दवाखान्यात येऊन, कर्मचाऱ्यासमोरच घ्यायची. भातलावणीच्या दिवसांत रोज बसभाडं आणि अर्धा दिवस घालवून कोण येणार? रोजगार बुडतो, मुकादम दुसरा माणूस बघतो. माणूस चार दिवस चुकवतो, पाचव्या दिवशी पुन्हा हेरॉईन. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, बस बंद झाल्या, तेव्हा नाइलाजानं सरकारनं गोळ्या घरी न्यायची मुभा दिली, एका वेळी दोन आठवड्यांच्या. तज्ज्ञ जे मागत होते ते साथीनं करून घेतलं. त्या महिन्यांत नवे रुग्ण मोठ्या संख्येनं आले. बाहेरचा माल तुटला होता, हे त्याचं एक कारण. घरी गोळी मिळते हे दुसरं.

मार्च २०२५ पासून पंजाबात नशेविरुद्ध पोलिसी मोहीम जोरात सुरू झाली. अशी मोहीम चालली की बाजारातला माल आटतो आणि टर्की लागलेली माणसं दवाखान्याच्या दारात येतात. त्या दिवशी दवाखान्यात गोळी नसेल, तर ती माणसं मिळेल ते विष घेतात. पोलीस आणि दवाखाना यांची सांगड लागते ती इथं.

'एक सोडवून दुसरी लावली'

हा आक्षेप पंजाबच्या गावांतही आहे आणि आपल्याकडेही पहिल्यांदा हाच येईल. तो उडवून लावण्यासारखा नाही. ब्युप्रेनॉर्फिनचीही शरीराला सवय लागते. एकदम बंद केलं तर तीही टर्की देते. पंजाबात अनेक जण वर्षानुवर्षं गोळीवर आहेत, पूर्ण बंद करून बाहेर पडलेले थोडे.

पण सवय आणि व्यसन यांत फरक करावा लागतो. साखरेचा रोगी इन्सुलिनवर असतो, बीपीवाला रोज गोळी घेतो, त्याला कुणी गोळीचा व्यसनी म्हणत नाही. बघायचं ते एवढंच: माणूस चोऱ्या करतोय की कामावर जातोय? सुई टोचून घेतोय की पोराला शाळेत सोडतोय? जिवंत आहे की नाही? या मापानं मोजलं तर गोळी जिंकते. काही जणांची पुढे वर्ष-दोन वर्षांत डॉक्टर हळूहळू कमी करत बंदही करतात. काहींना जन्मभर लागेल. घरच्यांनी घाई करून 'आता बास झालं' म्हणत गोळी थांबवायला लावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण मग माणूस पुन्हा त्याच सुरुवातीच्या धोक्याच्या आठवड्यांत जाऊन पडतो.

खरा दोष दुसरीकडे आहे, आणि तो पंजाबलाही झाकता आला नाही. खासगी केंद्रांतून गोळ्या काळ्या बाजारात गेल्या. कोट्यवधी गोळ्यांचा हिशेब लागत नाही, अशा बातम्या तिथल्याच आरोग्य खात्याच्या तपासणीतून आल्या. गोळी विकणं हा काहींचा धंदा झाला, समुपदेशन कागदावर राहिलं. २०२५ मध्ये राज्याला नियम बदलावे लागले, रुग्णांची बायोमेट्रिक हजेरी आणि खासगी केंद्रांवर कडक नजर आणावी लागली. आपल्याकडे कधी ही सोय आली, तर सुरुवातीपासून सरकारी दवाखान्यातून आली पाहिजे. नाहीतर औषधाचंही रेशनच्या रॉकेलसारखं होईल.

आपल्याकडे अडलंय कुठं

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये सुरू झालं तेच गर्दच्या लाटेमुळे. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, पु. ल. देशपांड्यांनी पैशाची मदत केली, डॉ. अनिता अवचटांनी केंद्र उभं केलं. त्यानंतर राज्यभर निघालेली बहुतेक केंद्रं मात्र दारूच्या हिशेबानं चालली. ठरावीक दिवस आत ठेवायचं, प्रार्थना, योगासनं, गटचर्चा, मग घरी. चांगल्या केंद्रांनी दारूच्या कामात मोठं नाव कमावलंय. पण अफूच्या जातीच्या नशेलाही तोच साचा लावला की गडबड होते. काही ठिकाणी 'आम्ही औषध देत नाही' हे अभिमानानं सांगतात. डायबेटिसच्या दवाखान्यानं असं सांगितलं तर कुणी तिथं पाऊल ठेवेल का?

ब्युप्रेनॉर्फिन गावच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, आणि मिळूही नये. ते मान्यता असलेल्या केंद्रातून, तज्ज्ञ डॉक्टरच्या देखरेखीखाली मिळतं. सुईनं नशा करणाऱ्यांना एचआयव्ही होऊ नये म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था देशभर अशी केंद्रं चालवते. पण खोकल्याचं औषध पिणारा किंवा गोळ्या खाणारा तालुक्यातला पोरगा सुई टोचत नाही, त्यामुळे तो त्या योजनेच्या नजरेत येत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ असतो, पण साठ-सत्तर किलोमीटरवर. रोजंदारीवाल्याला ते अंतर पंजाबच्या रोजच्या रांगेइतकंच जड.

भीती पोलिसांचीही असते. डॉक्टरकडे गेलो तर केस होईल, या धाकानं लोक लपवतात. अमली पदार्थ कायद्याच्या ६४-अ कलमात तरतूद आहे, की नशा केल्याचा किंवा थोड्या प्रमाणात पदार्थ सापडल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं. विकणाऱ्याला ही सवलत नाही.

केंद्रांबद्दलही कायदा स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जचं व्यसनही येतं. व्यसनींना भरती करून उपचार देणाऱ्या केंद्राची नोंदणी राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे असावी लागते, आणि रुग्णाला साखळीनं बांधायला सक्त मनाई आहे. पैसे भरण्याआधी नोंदणीचा कागद मागायला लाजू नये. इथं मानसोपचार तज्ज्ञ येतात का, किती वेळा येतात, अफूच्या जातीच्या नशेसाठी ब्युप्रेनॉर्फिन देतात का, हेही तिथंच विचारावं. उत्तर टाळलं गेलं तर गाडी परत फिरवलेली बरी.

सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६. जवळचं सरकारी उपचार केंद्र कुठं, हे तिथं विचारता येतं. आणि कुणी नशा करून बेशुद्ध पडलेला दिसला, श्वास फार मंद झालाय, ओठ निळसर पडलेत, बुबुळातली काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालीय, तर तोंडावर पाणी मारत, लिंबू चोळत बसू नये. त्याला कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा आणि काय घेतलं होतं ते डॉक्टरला खरं सांगावं. जादा डोस उतरवणारं नॅलोक्सोनचं इंजेक्शन असतं, पण कशावर द्यायचं हे कळलं तरच डॉक्टर ते वेळेत देऊ शकतो.